आबांच्या कानाचा पडदा

चैत्र लागला की आमच्या सास्तूरच्या शिवाराला रितेपण येतं. ज्वारी घरी गेलेली असते, करडईची काटेरी काडं एका कोपऱ्यात रचलेली असतात, काळ्या मातीला भेगा पडतात आणि भेगांच्या कडेनं नुसती धसकटं उभी राहतात. दुपारी वावटळ उठते, एका रानातला पाचोळा उचलून दुसऱ्याच्या बांधावर टाकते आणि निघून जाते. बघणाऱ्याला वाटावं, आता इथं काही नाही. आमच्या घराचा मात्र हाच हंगाम. शेतकऱ्यांचे निरोप यायचे, "या वर्साला आमच्या रानात बसवा," आणि आबा मेंढरं घेऊन निघायचे. रात्रभर मेंढरं रानात बसली की लेंड्या नि मूत मातीत मुरतं, पुढच्या पेऱ्याला तेच खत होतं. आज या रानात, उद्या पुढच्या. उन्हाळा असा रानारानांतून सरायचा.

परवा उमरग्याहून गावाकडं येताना एसटीच्या खिडकीतून असाच एक कळप दिसला. ऊन उतरत होतं. मेंढरांनी माना एकमेकांच्या पोटाखाली घातल्या होत्या. एक माणूस वाघर उलगडत होता. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळं. खिडकीतून तो वास आत आला. मेंढराच्या अंगाचा तेलकट, उबट वास, त्यात लेंड्यांचा, त्यात चुलीच्या धुराचा. शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावला. मी मात्र बस वळेपर्यंत मागं वळून बघत राहिले.

आमची मेंढरं आता नाहीत. आबा घरी असतात. त्या वासानं मला ओढत नेलं ते काही वर्षांपूर्वीच्या एका चैत्रात. त्या चैत्रात मी आबांना माझं काम दाखवलं होतं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा हंगाम. तो आलाच नसता तर बरं झालं असतं, असंही मला वाटतं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही मी बरोबर घेऊन फिरते.

आबांचा डावा कान लहानपणापासून वाहायचा. पाऊसकाळात जास्त, उन्हाळ्यात कमी. कुणी लसणाचं तेल सांगितलं, कुणी कसला पाला पिळायला सांगितला. सगळं करून झालं होतं. कानात कायम कापसाचा बोळा आणि त्याला एक मंद, आंबूस वास. लहानपणी मला तो वास म्हणजे आबांचाच वास वाटायचा. कुणी बोलायला लागलं की ते उजवा कान पुढं करायचे. त्यामुळं मान तिरपी व्हायची आणि बघणं कौतुकाचं दिसायचं. मी शाळेतली कविता म्हणून दाखवली तरी ते तसेच तिरपे बघत, तलाठी काही बोलला तरी तसेच. मला वाटे, माझे आबा सगळ्या जगाचं कौतुक करतात.

आणि ते फार हळू बोलत. धनगराचा आवाज रानभर जातो, जावाच लागतो. आबा मेंढरांना हाळी घालायचे ती तेवढी शिवारभर ऐकू यायची. एरवी माणसांशी बोलताना त्यांच्या तोंडापाशी कान न्यावा लागे. माय म्हणायची, "तुझं आबा म्हंजी गरीब गाय. कदी आवाज चढवला न्हाय." पुढं खूप वर्षांनी मी वाचलं, की ज्याच्या कानाचा पडदा फाटलेला असतो त्याला बाहेरचं कमी ऐकू येतं, पण स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, मोठा वाटतो. म्हणून तो हळू बोलतो. ते वाचून मी पुस्तक मिटलं. आम्ही ज्याला त्यांचा स्वभाव समजत होतो तो आजार होता. मग वाटलं, आजार असेल, पण स्वभावही असेलच की. माणसात या गोष्टी कुठं वेगवेगळ्या शिवलेल्या असतात?

मी शिकले ती त्यांच्यामुळं. मेंढरं गावोगाव फिरायची तेव्हा मला सास्तुरात चुलतीपाशी ठेवलं. पुढं वसतिगृह, मग रसायनशास्त्रातली पदवी, मग पुणं. भावकीतल्या लोकांनी विचारलं, पोरीला इतकं शिकवून काय करायचं, तर आबा तिरपी मान करून म्हणायचे, "मला डाव्या कानानं आयकू येत न्हाय." उजव्या बाजूनं विचारलं असलं तरी हेच म्हणायचे.

पुण्याच्या प्रयोगशाळेत मी नॅनोतंतू काढायला शिकले. काम दिसायला सोपं. सिरिंजमध्ये पॉलिमरचं मधासारखं दाट द्रावण भरायचं. सुईला हजारो व्होल्टचा विजेचा दाब द्यायचा आणि समोर धातूचा पत्रा ठेवायचा. सुईच्या टोकावरचा थेंब आधी फुगतो, मग निमुळता होतो आणि त्याच्यातून एक धार सुटते. ती सरळ जात नाही. हवेतच चाबकासारखे फटकारे मारत, ताणली जात, बारीक बारीक होत जाते. वाटेतच ती सुकते आणि पत्र्यावर पोचतो तो कोरडा तंतू, केसाच्या शंभर चिरफळ्या केल्या तर त्यातली एक असेल एवढा. एकटा डोळ्याला दिसत नाही. असंख्य साचले की पत्र्यावर धुकं बसल्यासारखं पांढरं दिसतं. पहिल्यांदा ते धुकं दिसलं तेव्हा मी श्वास रोखून उभी होते. आपल्या श्वासानंही ते मोडेल असं वाटत होतं.

आमच्या मार्गदर्शक मॅडमकडं कानाच्या पडद्याचा विषय आला आणि तो माझ्या वाट्याला आला. मी मागून घेतला नव्हता. मिळाल्यावर मात्र आबांची आठवण न येता एक दिवसही काम झालं नाही. कानाचा पडदा करंगळीच्या नखाएवढा, कागदासारखा पातळ. पण तो नुसता कातडीचा तुकडा नसतो. त्याच्या आत तंतू असतात, आणि ते मांडलेले असतात. काही मधोमधून कडेकडं जातात, काही गोल फिरतात. ती मांडणी असते म्हणून एवढासा पडदा कुजबुजही आत पोचवतो आणि हलगीही.

पत्र्यावर तंतू पडतात ते कसेही, विस्कटलेल्या कडब्यासारखे. आम्हाला ते ओळीत हवे होते. म्हणून पत्रा काढून धातूचं एक कडं ठेवलं आणि कड्याच्या मधोमध एक टाचणी. विजेच्या ओढीनं तंतू टाचणीपासून कड्यापर्यंत ताणून बसायला लागले. हे मी दोन ओळींत लिहिलं, पण ते तसे बसेपर्यंत कितीतरी दिवस गेले. पावसाळ्यात तर काम बुडायचंच. हवेत ओल आली की तंतूंना मण्यांसारख्या गाठी पडतात. मग यंत्रानं खोलीतली हवा कोरडी करायची. मला हसू यायचं. आमच्या गावाकडचा फुकटचा चैत्र इथं वीज जाळून तयार करावा लागत होता.

पहिली बिनगाठीची चकती निघाली तेव्हा खराच चैत्र होता. मी ती एका डबीत घातली, सुट्टी काढली आणि आले. मेंढरं लोहाऱ्याच्या वाटेवर एका शेतात बसली होती. कडुलिंबाला मोहोर होता, त्याची कडू-गोड धूळ वाऱ्यावर येत होती. सांजेची वेळ. माय तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती. आबा वाघरीच्या खुंट्या ठोकत होते. मी डबी उघडली.

"हे काय गं, पापड?" माय म्हणाली.

"कानाचा पडदा हाय, माय. आमी बनवलाय."

आबांनी खुंटी टाकली, हात धोतराला पुसले आणि तळवा पुढं केला. मी चिमट्यानं चकती त्यांच्या तळव्यावर ठेवली. काठीच्या घट्ट्यांनी भरलेला तो तळवा. त्यावर ती चकती म्हणजे जणू कुणी फुंकर ठेवली होती.

"वजनच न्हाय हिला," ते म्हणाले, आणि तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. चकती उडाली.

मग आम्ही तिघं तिला शोधायला लागलो. माय पिठाच्या हातांनी धसकटं चाचपत होती. मी मेंढरांच्या पाठी बघत होते. पांढऱ्या मेंढरावर पांढरी चकती बसली तर दिसणार कशी, म्हणून रडकुंडीला आले होते. आणि मग ती मला दिसली, आबांच्या मुंडाशाला चिकटलेली, डाव्या बाजूला.

आबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "तिला ठिकाण ठावं हाय," ते म्हणाले. "कानापाशीच येऊन बसली."

भाकरी खाताना मी त्यांना मोबाइलवर सूक्ष्मदर्शकातला फोटो दाखवला. मधला ठिपका आणि त्याच्यापासून कडेला गेलेले तंतू. आबांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला.

"ही तर गाडीच्या चाकाची आरं झाली."

"व्हय. पडद्याला भोक पडलं की त्याच्या कडंला कातडीच्या पेशी असत्यात. ह्यो तुकडा भोकावर ठेवला की त्यांना वाट मिळती. त्या सगळ्या बाजूंनी मधी चालत येत्यात, मग भोक बुजतं."

"चालत येत्यात?"

"सरकत्यात. वाट न्हाय मिळाली तर कुटंबी भटकत्यात."

आबांनी मेंढरांकडं पाहिलं. मग म्हणाले, "म्हंजी धनगराचंच काम करतीस की गं, संगे."

त्या वाक्यानं मला काय मिळालं हे सांगता येणार नाही. घर सोडून, बोली सोडून, पांढरा कोट घालून मी जे काही करत होते, ते कुणीतरी उचलून आमच्या वाघरीच्या आत आणून ठेवलं होतं.

"हे बसवलं की आयकू येतंय?" त्यांनी विचारलं.

"येईल. पर अजून लई काम हाय, आबा. आधी जनावरात बघायचं, मग माणसात. धा वर्सं लागत्याल. पंधरा बी लागत्याल."

"लागू देत. मला कुटं जायाचंय?"

जन्मभर चालत राहिलेला माणूस हे म्हणाला, आणि आम्ही सगळे हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेताचे मालक चहाची किटली घेऊन आले. "काय गं पोरी, बापाच्या कानाचा पडदा इनतीस म्हणं?" त्यांच्या आधी कुणाकुणाला कळलं होतं कोण जाणे. त्या उन्हाळ्यात आबा ज्या रानात मेंढरं बसवत गेले त्या प्रत्येक रानात ही गोष्ट पोचली. ते काही बढाई मारत नसत. हळू आवाजात, तिरपी मान करून, एवढंच म्हणत, "संगी करतीया कायतरी कानाचं."

हंगाम संपायच्या आत मी त्यांना सोलापूरला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. मला कळत होतं की माझी चकती माणसाच्या कानापर्यंत पोचायला फार अवकाश आहे, आणि कान थांबत नसतो. डॉक्टरांनी नळीतून आत पाहिलं. म्हणाले, "भोक मोठं आहे, पण आतली हाडं शाबूत दिसतात. कानाच्या वरच्या बाजूला कातडीखाली एक पातळ आवरण असतं. ते काढून पडद्याच्या जागी बसवू. नेहमीचं ऑपरेशन आहे. आता कान कोरडा आहे, तोवर करून घ्या."

मी आबांच्या उजव्या कानाशी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि डॉक्टरांना म्हणाले, "डाक्टर, माझी पोरगी हेच करती."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी थोडक्यात सांगितलं. त्यांनी मनापासून विचारपूस केली, मग म्हणाले, "काम चांगलं आहे. पण ते यायची वाट बघू नका. मी माझ्या वडिलांनाही हेच सांगितलं असतं."

बाहेर बाकावर बसून मी म्हणाले, "आबा, करून घिऊ."

"करू की. तुझं झालं की करू."

"माझं व्हायला लई येळ हाय."

"मग येळानं करू. घरात घोंगडं असताना दुसऱ्याचं पांघरून झोपायचं व्हय?"

"दुसऱ्याचं न्हाय ते. तुमच्याच कानावरचं हाय."

"मग तर इतके दिस तितंच हाय. ऱ्हाऊ दे की तितंच."

मी चिडले, रडले. मॅडमना फोन लावून त्यांच्याशी बोलायला लावलं. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही आत्ता ऑपरेशन करून घ्या, आमचं काम बाजारात यायला फार वर्षं लागतील." आबांनी सगळं ऐकून फोन मला परत दिला आणि म्हणाले, "बाई लई चांगल्या हायत. स्वतःच्या कामाची बढाई न्हाय." मायनं तर त्यांच्याशी बोलणंच टाकलं. ती नुसती भाकरी पुढं ठेवायची. चार-आठ दिवसांनी तीच थकली.

त्यांना ऑपरेशनची भीती नव्हती. एकदा रानडुकरानं मांडी फाडली होती तेव्हा त्यांनी टाके घालून घेताना डॉक्टरला मेंढरांच्या गोष्टी सांगितल्या होत्या. त्यांना ऐकू तर यायला हवंच होतं, पण ते माझ्या हातचं यायला हवं होतं. मी त्यांच्यासाठी काही करते आहे, ही गोष्ट त्यांना बरं होण्याहून मोठी वाटत होती. दुसरा तुकडा कानात घेतला असता तर माझं काम उरलं असतं, पण त्यांच्यासाठीचं उरलं नसतं. हे मला आज कळतं. तेव्हा मला तो हट्ट वाटायचा.

पुढं फोनवर एकच प्रश्न असायचा. "कुटवर आलं?"

"गिनीपिगच्या कानात बसवलं, आबा. उंदरासारखं जनावर अस्तंय. भोक बुजलं त्याचं."

"त्येला आयकू याया लागलं?"

"व्हय."

"चांगलं झालं. आता त्येच्या मागं आपला नंबर."

असे दोन-तीन उन्हाळे गेले. मग एका चैत्रात मेंढरं नळदुर्गाकडून परत येत होती. सकाळची वेळ, मेंढरं सोलापूर-हैदराबाद रस्ता ओलांडत होती. आबा मागं होते, माय सामान लादलेल्या घोड्याबरोबर आधीच पलीकडं पोचली होती. मी तिथं नव्हते. नंतर मायनं सांगितलं तेवढंच मला ठाऊक.

एका कानानं ऐकणाऱ्याला आवाज ऐकू येतो, पण तो कुठल्या बाजूनं आला ते कळत नाही. दोन्ही कान असले तरच दिशा कळते. आबा एरवी मान फिरवून फिरवून अंदाज घ्यायचे. रानात तेवढी सवड असते. त्या रस्त्यावर नव्हती. ट्रकचा हॉर्न त्यांना ऐकू आला. त्यांना तो उजवीकडून आल्यासारखा वाटला असणार. त्यांनी हाळी घालून अर्धा कळप डावीकडं वळवला. ट्रक डावीकडूनच येत होता.

आबांना काही झालं नाही. वळवलेली बरीच मेंढरं चाकाखाली गेली. त्यात पुढं चालणारी जुनी मेंढी होती, तिच्या मागं बाकीची डोळे मिटून जात. ड्रायव्हर तेलंगणाकडचा होता. तो खाली उतरून रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसला. माय सांगते, आबाच त्याच्यापाशी जाऊन बसले. जवळच्या ढाब्यावरच्या माणसांनी पाणी आणलं. आबांनी आधी त्या ड्रायव्हरला प्यायला लावलं.

मी दुसऱ्या दिवशी पोचले. आबा घराच्या पायरीवर बसले होते. भूकंपानंतर गाव नव्या जागी वसलं, तेव्हापासूनचं आमचं हे घर; अंगणात लिंब, लिंबाखाली वाघरीची गुंडाळी. ते माझ्याकडं बघत नव्हते. वाघरीकडं बघतच म्हणाले, "हॉर्न आयकला हुता म्या. आयकला हुता, संगे."

एवढं एकच वाक्य त्यांनी त्या दिवसाबद्दल मला सांगितलं. ते सांगताना त्यांचा आवाज मोठा होता. मी तो तसा कधी ऐकला नव्हता.

त्यानंतर ते आपण होऊन सोलापूरला आले. डॉक्टरांनी आत पाहिलं, आणखी एक तपासणी करायला लावली आणि मला एकटीला आत बोलावलं. आजार आत सरकला होता. कानातली ती बारीक हाडं, जी पडद्याचा आवाज पुढं नेतात, ती कुरतडली गेली होती. "आता ऑपरेशन करायचं ते ऐकू यावं म्हणून नाही," ते म्हणाले. "हे मेंदूकडं जाऊ नये म्हणून." मी मान हलवली. 

ऑपरेशन चांगलं झालं. आबा डोक्याला पट्टी बांधून खाटेवर पडले होते. डॉक्टर बघायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "डाक्टर, संगीचा पडदा बसवायला जागा ठिवलीया न्हवं?"

डॉक्टर माझ्याकडं न बघता म्हणाले, "विश्रांती घ्या."

उरलेली मेंढरं त्याच वर्षी दुसऱ्या कळपाला देऊन टाकली. नेताना आबा घरातच बसून राहिले. माय दाराशी उभी होती. मेंढरं वळणावरून दिसेनाशी झाली तरी त्यांची घुंगरं ऐकू येत होती. माय आत आली नाही. आबांना ती ऐकू येत होती का, मी विचारलं नाही.

माझं कामही फार दिवस टिकलं नाही. मॅडम निवृत्त झाल्या, ज्या मदतीवर काम चालायचं ती संपली. आता मी एका कारखान्यात हवा गाळायच्या जाळ्या बनवते. त्यासाठीही नॅनोतंतूच लागतात, तशीच सुई, तसाच थेंब, तशीच धार. फक्त तंतू कसेही पडले तरी चालतात. धूळ अडकली की झालं. मी काढलेला तंतू आता रोज मैलोगणती निघत असेल, पण टाचणी आणि कडं मी कित्येक दिवसांत हातात धरलेलं नाही. परदेशातून अशा पडद्यांवरचे लेख येतात, ते मी वाचते. त्यांची मांडणी आमच्याहून सुबक झाली आहे. एक दिवस ते पडदे माणसांच्या कानात बसतील. कुणाचे तरी आबा त्यांच्यातून ऐकतील. याचा मला मत्सर वाटत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल.

कधी कधी मी यात चूक शोधायला बसते. ती सापडली असती तर बरं झालं असतं. मी त्यांना चकती दाखवली, त्यात काय चुकलं? लेक बापाला आपलं काम दाखवणारच. मी वर्षांचा आकडा लपवला नाही, डॉक्टरांकडं न्यायला उशीर केला नाही. आबांनी माझ्यावर विश्वास ठेवला, त्यातही चूक कशी म्हणू? डॉक्टर खरं बोलले, मॅडम खऱ्या बोलल्या. सगळे चांगलेच वागले आणि कान गेला. चूक असती तर तिला धरून रडता आलं असतं, माफी मागता आली असती. नुसत्या मायेचा पश्चात्ताप कसा करायचा, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

तर परवा मी एसटीतून उतरून घरी आले ती हे सगळं घेऊन. माय म्हणाली, "तुझं आबा रोज इचारत्यात, संगीचं कुटवर आलं म्हणून. म्या म्हंती, चाललंय." मी म्हणाले, आज मी सांगून टाकणार आहे.  मायनं नुसता चहा दिला.

आबा अंगणात लिंबाखाली बाजेवर बसले होते. म्हातारपणानं आता उजवा कानही मंद झाला आहे. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले. समोर वाऱ्यानं लिंबाची फुलं पडत होती, त्यांच्या धोतरावर, माझ्या ओढणीवर. गल्लीतून बायका घागरी घेऊन जात होत्या.

"आबा," मी म्हणाले, "ते कानाचं काम बंद पडलं."

ते समोर बघत राहिले.

मी जरा मोठ्यानं म्हणाले, "आबा, ते बंद झालं. आता न्हाय व्हायचं ते."

ते तसेच. मान तिरपी, चेहरा तोच कौतुकाचा. मग मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं. एवढ्या मोठ्यानं, की गल्लीतली घागर घेतलेली बाई थांबली, शेजारच्या दारातून कुणीतरी डोकावलं आणि माय पदर सावरत उंबऱ्यात आली. जे मला कुजबुजूनही सांगायला जड जात होतं ते सगळ्या आळीनं ऐकलं.

आबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आयकलं म्या," ते हळूच म्हणाले. "तू पयल्यांदा म्हणलीस तवाच आयकलं."

"मग बोलला का न्हाय?"

"तू दुसरं काय म्हंतीस का, ते बगत हुतो."

 त्यांचा हात गुडघ्यावर तसाच होता. गल्लीतली बाई घागर सावरून पुढं गेली.